विश्लेषण : १५-१९ च्या गटात १८ वर्षांचे नेमके किती? जनगणनेतील वयोगट कोड कसा फोडतो?

२०११ च्या जनगणनेच्या तक्त्यात एक ओळ आहे : वयोगट १५ ते १९, लोकसंख्या १२ कोटी ५ लाख २६ हजार ४४९. यातील १८ आणि १९ वर्षांचे किती? म्हणजे मतदार यादीत नव्याने नाव येऊ शकेल असे किती? या ओळीकडे कितीही वेळ पाहिले तरी उत्तर मिळत नाही. पाच वर्षांची माणसे एकाच गाठोड्यात बांधलेली आहेत.

गाठोडे सोडवण्याचा सोपा मार्ग कोणालाही सुचेल. पाचने भागायचे, दोनने गुणायचे. उत्तर येते ४ कोटी ८२ लाख. मात्र लोकसंख्याशास्त्रात गेली शंभराहून अधिक वर्षे वापरात असलेल्या एका सूत्रातून हाच आकडा काढला तर तो ४ कोटी ६८ लाख भरतो. फरक सुमारे १३ लाख ८० हजारांचा. सूत्राचा अंदाज सत्याच्या जवळ मानला, तर सोप्या भागाकाराने अस्तित्वातच नसलेले जवळपास १४ लाख तरुण मतदार कागदावर तयार केले. मग ‘तरुण नावनोंदणीत मागे’ ही बातमी काही अंशी या भागाकाराचीच असू शकते.

एकेका वर्षाचा आकडा लागतोच कशाला?

कायदे आणि योजना पाचाच्या पाढ्याने चालत नाहीत, म्हणून. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तक्त्यात मात्र ५-९ आणि १०-१४ असे गट असतात. म्हणजे पहिल्या गटातून पाच वर्षांची मुले वगळायची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीसाठी फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींचा उल्लेख झाला. तिथे पहिल्या गटातील फक्त नऊ वर्षांच्या मुली हव्यात. लशीचे डोस मागवताना ‘साधारण एक पंचमांश’ धरायचे की हिशेब करायचा, हा प्रश्न तिथे येतो.

उच्च शिक्षणात तर आणखी पंचाईत. महाविद्यालयीन शिक्षणाचे ‘सकल नोंदणी प्रमाण’ १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येवर काढले जाते. हे वय दोन गटांत विभागलेले : १५-१९ मधील शेवटची दोन वर्षे आणि २०-२४ मधील पहिली चार. अंश सोपा असतो, कारण प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची नोंद महाविद्यालयांकडे असते. छेद मात्र अंदाजाचा.

छेद बदलला की काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाने २०१९-२० साठी हे प्रमाण २७.१ टक्के जाहीर केले होते. तेव्हा लोकसंख्येचा अंदाज २००१ च्या जनगणनेवर बेतलेला होता. पुढच्या वर्षीच्या अहवालात २०११ वर आधारित अंदाज वापरला गेला आणि त्याच २०१९-२० चे प्रमाण २५.६ टक्के झाले. विद्यार्थी तेच, सुमारे ३ कोटी ८५ लाख. उलटा भागाकार केला तर पहिल्या वेळी छेदात साधारण १४ कोटी २० लाख तरुण होते, दुसऱ्या वेळी १५ कोटींच्या वर. एकही विद्यार्थी न गळता देश दीड टक्का मागे गेला. हा बदल गट फोडण्याच्या पद्धतीमुळे नव्हे, तर लोकसंख्येचा मूळ अंदाज बदलल्यामुळे झाला. पण छेदातील दुरुस्ती बातमीच्या मथळ्यापर्यंत कशी पोहोचते, ते यातून दिसते.

पण जनगणनेत प्रत्येकाचे वय विचारतात ना?

विचारतात. पूर्ण झालेल्या वर्षांत वय नोंदवले जाते आणि एकेका वर्षाचा तक्ताही प्रसिद्ध होतो. मग गट करून पुन्हा फोडण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

त्या तक्त्याचा आलेख काढला की कारण समजते. रेषा सपाट उतरत नाही, करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होते. ३०, ४०, ५०, ६० वर उंच सुळके. ३५, ४५, ५५ वर थोडे लहान. आणि ३१, ४१, ५१ वर खड्डे. भारतात ४० वर्षांची माणसे ४१ वर्षांच्या माणसांपेक्षा इतकी जास्त असण्याचे जीवशास्त्रीय कारण नाही. कारण उंबरठ्यावरच्या संभाषणात आहे. प्रगणक दारात उभा, घरातील एक जण सगळ्यांची माहिती सांगतो. ‘सासऱ्यांचे वय?’ ‘असतील की साठ-पासष्ट.’ ‘एक आकडा सांगा.’ ‘लिहा साठ.’ जन्मतारखेचा दाखला नसलेल्या पिढीत हे घराघरांत घडले आणि त्याचेच हे सुळके झाले.

हा दोष मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांतील माणसांपैकी ज्यांचे वय ० किंवा ५ ने संपते त्यांची संख्या पाचने गुणायची, एकूण संख्येने भागायची आणि शंभरने गुणायचे. सगळ्यांनी खरे वय सांगितले तर उत्तर १०० च्या आसपास. सगळ्यांनीच गोल आकडा सांगितला तर ५००. गणित चार ओळींचे आहे, आणि कोणताही वयाचा तक्ता हाती आला की सर्वात आधी करायचे काम तेच.

म्हणून तज्ज्ञ उलट्या वाटेने जातात. एकेका वर्षाचे आकडे आधी पाच-पाचच्या गटांत जमा करतात. ५९ किंवा ६१ ऐवजी ६० सांगितलेला माणूस निदान जवळपासच्या गटात पडतो, त्यामुळे सुळक्यांची धार बोथट होते. मग तो गट सूत्राने पुन्हा फोडतात. मोजलेला आकडा बाजूला ठेवून अंदाजाचा आकडा घ्यायचा, हे ऐकायला विचित्र वाटते. पण मोजणीतच गोंधळ असेल तर गुळगुळीत अंदाज अधिक विश्वासार्ह ठरतो.

दुसरे कारण साधे आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे सरकारी नियोजन तज्ज्ञ गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या २०११ ते २०३६ या काळाच्या लोकसंख्या अंदाजांवर चालते आणि त्यातील वयाचे तक्ते पाच-पाच वर्षांच्या गटांत आहेत. मूळ आकडाच गटात असेल, तर फोडण्याशिवाय मार्ग नाही.

सूत्र नेमके काय करते?

सूत्राचे नाव स्प्रेग. थॉमस बाँड स्प्रेग हे ब्रिटनमधील विमा गणितज्ञ होते. आयुर्विमा कंपन्यांना प्रत्येक वयाचा हप्ता ठरवावा लागे आणि आकडे मिळत गटांत. १८८० च्या सुमारास त्यांनी यासाठी रीत मांडली. आज ती ‘स्प्रेग गुणक’ म्हणून ओळखली जाते.

कल्पना समजायला आलेख पुरे. गटांची संख्या बाजूला ठेवा आणि बेरीज करत जा. २०११ मध्ये ५ वर्षांखालील ११.२८ कोटी. १० वर्षांखालील २३.९७ कोटी. १५ खालील ३७.२४, २० खालील ४९.३० आणि २५ खालील ६०.४४ कोटी. हे बिंदू पक्के आहेत, त्यात अंदाज नाही. आता या बिंदूंतून झोकदार वक्र रेषा काढा, अशी की कुठे कोपरा दिसू नये. ही रेषा १८ आणि १९ वर कुठे आहे ते वाचा. दोन्हींतील फरक म्हणजे १८ वर्षे पूर्ण केलेल्यांची संख्या.

सरळ पाचने भागणारा माणूस नकळत हेच करतो, फक्त वक्राऐवजी बिंदू पट्टीने जोडतो. म्हणून त्याच्या हिशेबात १५ ते १९ या प्रत्येक वयाला २.४१ कोटी माणसे येतात आणि विसाव्या वर्षी संख्या एकदम पायरी उतरावी तशी २.२३ कोटींवर येते. खऱ्या लोकसंख्येत अशी पायरी पाचाच्या पटीवरच का यावी?

स्प्रेग सूत्र शेजाऱ्यांकडे पाहते. १५-१९ फोडताना ते आधीचे दोन आणि नंतरचे दोन गट विचारात घेते. १०-१४ मध्ये १३.२७ कोटी, २०-२४ मध्ये ११.१४ कोटी. म्हणजे संख्या वयानुसार घसरते आहे. तेव्हा १५ वर्षांचे अधिक आणि १९ वर्षांचे कमी असणार. २०११ च्या आकड्यांवर हिशेब असा येतो : १५ वर्षांचे २.५२४ कोटी, १६ चे २.४५३, १७ चे २.३९२, १८ चे २.३५४ आणि १९ चे २.३३० कोटी. बेरीज पुन्हा १२.०५३ कोटी. गटातील एकही माणूस वाढला नाही की घटला नाही, फक्त आतल्या आत जागा बदलल्या.

यात कोड किती?

फार नाही. पाच वयांसाठी पाच-पाच गुणक, म्हणजे २५ आकड्यांचा चौकोन. १८ वर्षांच्या ओळीतील गुणक असे : ०.००६४, उणे ०.०४१६, ०.२२२४, ०.०१४४ आणि उणे ०.००१६. यांना अनुक्रमे ५-९, १०-१४, १५-१९, २०-२४ आणि २५-२९ या गटांच्या संख्येने गुणायचे आणि बेरीज करायची. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही जमते. पायथॉनमध्ये हा चौकोन एकदा लिहिला की उरतो एक मॅट्रिक्स गुणाकार, आणि देशातील सगळ्या जिल्ह्यांचे, स्त्री-पुरुषांचे वेगवेगळे आकडे काही सेकंदांत फुटतात. ‘आर’ भाषा वापरणाऱ्यांना तेवढेही करावे लागत नाही. ‘डेमोटूल्स’ या पॅकेजमध्ये स्प्रेग, बीअर्स आणि इतर पद्धती तयार आहेत, नाव बदलले की पद्धत बदलते.

वेळ जातो तो भलतीकडेच. एक्सेलमध्ये फाइल उघडली की ‘५-९’ हा वयोगट गुपचूप ‘५ सप्टेंबर’ होतो आणि कोडला तो गट सापडतच नाही. काही तक्त्यांत ‘८०+’ असा उघडा गट असतो, त्याला वरची मर्यादा नसल्याने पाचने फोडता येत नाही. ‘वय सांगितले नाही’ अशी ओळ असते. २०११ मध्ये अशी सुमारे ४५ लाख माणसे होती. त्यांना सोडून द्यायचे की प्रमाणात वाटायचे, हे कोड लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. बहुतेकदा कोणीच ठरवत नाही आणि ही माणसे शांतपणे गळतात.

शिवाय पहिल्या दोन गटांना मागे पुरेसे शेजारी नाहीत, शेवटच्यांना पुढे नाहीत. त्यांच्यासाठी गुणकांचे वेगळे संच आहेत. शून्य ते चार हा गट तर बहुतेक ठिकाणी सूत्रावर सोपवतच नाहीत. तिथे जन्मनोंदणी आणि बालमृत्यूचे आकडे अधिक उपयोगी पडतात.

चूक लहान की मोठी, हे कशावर ठरते?

एक गमतीची गोष्ट. १८-१९ साठी भागाकार आणि सूत्र यांत १३ लाख ८० हजारांचा फरक होता, म्हणजे जवळपास तीन टक्के. पण १८-२३ हा पूर्ण गट घेतला तर भागाकाराने १३.७३ कोटी येतात आणि स्प्रेगने १३.६७ कोटी. फरक फक्त सव्वासहा लाखांच्या आसपास. कारण १५-१९ मध्ये भागाकार जास्त मोजतो, तर २०-२४ मधून पहिली चार वर्षे घेताना तो कमी मोजतो. दोन चुका एकमेकींना खातात. जितका वयाचा तुकडा लहान आणि गटाच्या कडेला, तितकी चूक मोठी. उच्च शिक्षणाच्या आकड्यात जे खपून जाते ते नवमतदारांच्या आकड्यात खपत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे चुकीची दिशाही कायम राहत नाही. २०११ चा तक्ता खालून वाचा : १०-१४ मध्ये १३.२७ कोटी, ५-९ मध्ये १२.६९ कोटी आणि ०-४ मध्ये ११.२८ कोटी. लहान मुले मोजणीत सुटतात हे धरले तरी घसरण स्पष्ट आहे, जन्म कमी होत गेले आहेत. २०११ मध्ये ०-४ वयाची असलेली मुले २०२६ मध्ये १५-१९ च्या गटात येतात. म्हणजे आता या गटात १९ वर्षांचे अधिक आणि १५ वर्षांचे कमी असण्याची शक्यता. उतार उलटा झाला. मग पाचने भागल्यास नवमतदारांची संख्या फुगणार नाही, उलट कमी भरेल. २०११ चा अनुभव धरून ‘तीन टक्के वजा करा’ असा ठोकताळा कोणी वहीत लिहून ठेवला असेल, तर तो आता चूक दुरुस्त करण्याऐवजी वाढवील.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १८-१९ वयाचे १ कोटी ८० लाखांहून अधिक मतदार यादीत होते. नोंदणी किती टक्के झाली हे सांगायचे तर छेद लागतो, आणि तो याच मार्गाने काढावा लागतो. त्यात आणखी एक बारीक मुद्दा आहे. मतदार म्हणून पात्रतेसाठी आता वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. लोकसंख्येचा अंदाज बहुधा १ मार्च किंवा १ जुलैचा असतो. तारखा जुळवल्या नाहीत तर कोड बरोबर असूनही काही महिन्यांच्या जन्मांची माणसे इकडची तिकडे होतात.

सूत्र कुठे फसते?

एखादा लहान वॉर्ड घ्या. समजा, तिथे ०-४ वयाची १९० मुले आहेत, ५-९ ची २००, १०-१४ ची १८०. पण वॉर्डात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वसतिगृह असल्याने १५-१९ मध्ये १२०० जण आहेत आणि २०-२४ मध्ये २२०. हे आकडे स्प्रेग सूत्रात घाला आणि १०-१४ चा गट फोडा. उत्तर येते : १० वर्षांची १३ मुले, ११ वर्षांची उणे ६, १२ वर्षांचे १, १३ वर्षांची ५० आणि १४ वर्षांची १२२.

उणे सहा मुले! सूत्राचे गणित चुकलेले नाही, बेरीज १८० च भरते. पण सूत्राला वाटते की लोकसंख्या वयानुसार हळूहळू बदलते. १२०० चा डोंगर पाहून ते आधीच्या गटातच चढ सुरू करते आणि तो जुळवताना अकराव्या वर्षी जमिनीखाली जाते. वसतिगृह नावाची गोष्ट त्याला माहीत नाही. तपासणी न करता निकाल पुढे पाठवला तर त्या वॉर्डात चौदा वर्षांच्या १२२ मुलांसाठी आठवी-नववीच्या तुकड्यांची मागणीही होऊ शकते.

यावर उपाय आहेत. बेरजेची रेषा कधीही खाली येणार नाही अशी अट घातलेला वक्र वापरला तर उणे संख्या येत नाही. पायथॉनच्या ‘सायपाय’मध्ये त्यासाठी तयार साधन आहे. २०१५ मध्ये मांडली गेलेली एक सांख्यिकी पद्धत ‘अनग्रुप’ या आर पॅकेजमध्ये मिळते. तीही उणे संख्या देत नाही आणि ८५ च्या पुढचे उघडे गटही हाताळते. तालुका किंवा वॉर्डसाठी अनेक जण वेगळाच मार्ग घेतात : जिल्ह्याचे एकेका वर्षाचे प्रमाण काढायचे आणि ते लहान भागाच्या गटाला लावायचे. वसतिगृहाच्या वॉर्डात तेही फसते, पण निदान हास्यास्पद होत नाही.

काही गोष्टी मात्र कोणत्याच कोडला परत आणता येत नाहीत. जपानमध्ये १९६६ हे ‘अग्नी-अश्व’ वर्ष होते. त्या वर्षी जन्मलेल्या मुली अशुभ, अशी समजूत असल्याने अनेक जोडप्यांनी मूल टाळले. १९६५ मध्ये १८ लाखांहून अधिक जन्म, १९६६ मध्ये १३ लाख ६० हजारांच्या आसपास आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाखांच्या वर. एकेका वर्षाच्या आलेखात हा खड्डा जपानच्या लोकसंख्येत आजही दिसतो. पण १९६५ ते १९६९ ची पाच जन्मवर्षे एका गटात बांधली तर खड्डा नाहीसा होतो. स्प्रेग असो वा नवी पद्धत, ती गुळगुळीत रेषाच काढणार. गट करताना जी माहिती फेकली गेली ती गणिताने परत येत नाही. हे वर्ष साठ वर्षांनी येते, त्यामुळे २०२६ हेही अग्नी-अश्व वर्षच.

पुढे हे काम उरणार का?

संयुक्त राष्ट्रांनी २०२२ पासून जगाच्या लोकसंख्येचे अंदाज पाच-पाच ऐवजी एकेका वयाचे आणि एकेका वर्षाचे द्यायला सुरुवात केली. वापरणाऱ्याला तयार आकडा मिळतो. पण ज्या देशांची मूळ माहिती गटांत किंवा सुळक्यांनी भरलेली आहे, तिथे गट फोडण्याचे आणि गुळगुळीत करण्याचे काम आतच झालेले असते.

भारतात पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडमधील बर्फाळ भागांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६. माहिती प्रथमच कागदाऐवजी डिजिटल पद्धतीने भरली जाणार आहे. शाळेचा दाखला आणि आधार कार्ड असलेल्या पिढीला जन्मतारीख तोंडपाठ असते, त्यामुळे तरुण वयातील सुळके बरेच कमी होतील अशी अपेक्षा ठेवता येते. आजी-आजोबांच्या बाबतीत मात्र कार्डावरची तारीखच अनेकदा अंदाजाने ‘१ जानेवारी’ किंवा ‘१ जून’ लिहिलेली असते. सासऱ्यांचे वय टॅबवर भरतानाही ते साठच भरले जाणार.